सोसायटीच्या तीन पायऱ्या आणि व्हीलचेअर: कमिटी रॅम्पला नाही म्हणतेय, काय करता येईल?

ठाकुर्लीकरीण

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसतीच वाचत आलेय, लिहायची वेळ पहिल्यांदा आलीये. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय २९. दीड वर्षापूर्वी बाइकचा अपघात झाला, पाठीच्या कण्याला मार बसला, कमरेखालचं काही हलत नाही. हॉस्पिटल, ऑपरेशन, मग रिहॅब असं करत सात महिन्यांनी घरी आला. हात मात्र आता पहिल्यापेक्षा मजबूत झालेत, व्हीलचेअर स्वतः चालवतो, बेडवरून खुर्चीत स्वतः शिफ्ट होतो, अकाउंट्सचं काम घरून परत सुरू केलंय. बाथरूमचं दार तोडून रुंद केलं, उंबरठे काढले, मोरीत बार बसवले. घरात त्याचं बस्तान बसलंय म्हणायला हरकत नाही. गाडं अडलंय ते घराबाहेर.

आमची बिल्डिंग १९९८ ची, खाली स्टिल्ट पार्किंग, वर पाच मजले, २० फ्लॅट. आम्ही तिसऱ्यावर. लिफ्ट आहे, खुर्ची लिफ्टमध्ये जेमतेम का होईना पण जाते. पण लिफ्टच्या लॉबीतून कंपाउंडमध्ये यायला तीन पायऱ्या आहेत. मुळात दोनच होत्या, २६ जुलैला पाणी आत आलं तेव्हा लॉबी उचलून घेतली आणि तिसरी वाढली. तर या तीन पायऱ्यांसाठी दर वेळी वॉचमन, मी, बाबा (वय ६८, दोन्ही गुडघे गेलेले) आणि रस्त्यावरून जाणारा कोणी सापडेल तो असे चौघं मिळून खुर्ची उचलतो. मार्चमध्ये वॉचमनचा पाय सटकला आणि खुर्ची एका बाजूला कलली, पडला नाही पण थोडक्यात वाचला. तेव्हापासून खाली यायचंच बंद झालंय, डॉक्टरकडे जायचं असेल तेव्हाच काय ते, म्हणजे महिन्यातून एकदा किंवा दोनदा.

मे महिन्यात कमिटीला रॅम्पसाठी पत्र दिलं, खर्च आम्ही करतो असंही लिहिलं. लेखी उत्तर आलंच नाही, जिन्यात भेटले की तोंडी सांगतात. एंट्रन्सला नुकतंच ग्रॅनाइट बसवलंय त्याचा लूक जाईल, एकाला परवानगी दिली की उद्या दुसरा काहीतरी मागेल, पार्किंगचा स्लॉट जाईल, महापालिका अनधिकृत म्हणून तोडेल, दर वेळी नवीन काहीतरी. आणि गंमत म्हणजे चेअरमन काका माणूस म्हणून वाईट नाहीत हो. अपघाताच्या रात्री रक्ताच्या बाटल्यांसाठी त्यांनीच धावपळ केली होती. म्हणूनच जास्त लागतं. परवा म्हणाले, "अगं रॅम्प कशाला, आम्ही आहोत ना उचलायला, कधीही हाक मार." यावर माणूस काय बोलणार?

तर विचारायचं हे की कायद्याने हे मागता येतं का, सोसायटी नाही म्हणू शकते का, आणि तक्रार केली तर संबंध कायमचे बिघडतात का, कारण शेवटी राहायचं याच लोकांत आहे.

---

चाळीतला_सदाशिव

ताई वाचून वाईट वाटलं. पण प्रॅक्टिकल बोलू का, सोसायटीशी भांडून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही. तारखांवर तारखा पडतात, वकील श्रीमंत होतो आणि शेजारी बोलणं सोडतात. त्यापेक्षा हा फ्लॅट भाड्याने द्या आणि ग्राउंड फ्लोअरचा कुठेतरी बघा. भावाचे दिवस असे वाट बघण्यात घालवू नका. राग मानू नका, जे वाटलं ते लिहिलं.

---

मी_सेक्रेटरी_बोलतोय

मुलुंडच्या एका सोसायटीत नऊ वर्षं सेक्रेटरी होतो, आता सुटलोय. त्यामुळे समोरच्या खुर्चीत बसून काय वाटतं ते सांगू शकतो.

कमिटीला रॅम्पची भीती नसते, कमिटीला भीती असते ती जनरल बॉडीत, म्हणजे सगळ्या सभासदांच्या सभेत, उभं राहून "कोणाला विचारून केलंत?" असं विचारणाऱ्या एका सभासदाची. तो एक माणूस प्रत्येक सोसायटीत असतो. लूक, ग्रॅनाइट, महापालिका ही सगळी त्याच्यासाठी आधीपासून तयार ठेवलेली उत्तरं. म्हणून पहिलं काम म्हणजे निर्णय कमिटीच्या डोक्यावरून काढून जनरल बॉडीवर न्या, बऱ्याच कमिट्या मनातून सुटकेचा श्वास टाकतात.

आता कसं. मे मधलं पत्र दिलंत त्याच्या कॉपीवर सोसायटीचा शिक्का, तारीख आणि सही घेतली होती का? नसेल तर ते पत्र नव्हतंच असं समजा. परत द्या, पोच घ्या, आणि घेत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा, सोबत यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झेरॉक्स आणि डॉक्टरांचं पत्र जोडा. तोंडी मागणी आणि तोंडी नकार याला सोसायटीत शून्य किंमत आहे. पत्रात "विनंती" एकदाच लिहा, चार वेळा नको.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्याच्या अजेंड्यावर विषय लेखी मागून घ्या. तोवर थांबायचं नसेल तर सहकार कायद्याच्या कलम ७६ प्रमाणे एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की महिन्याभरात विशेष सभा बोलवावी लागते. तुमचे २० फ्लॅट म्हणजे चार सह्या. चार! दिवाळीच्या फराळाचं ताट फिरतं ना तेवढ्या घरात तुमचं काम होतं.

आणि एक, खर्च स्वतः करू म्हणालात ते मोठेपणाचं आहे पण मी तुमच्या जागी असतो तर पहिल्याच पत्रात ते लिहिलं नसतं. तुम्ही पैसे दिलेत की तो "त्यांचा रॅम्प" होतो. उद्या त्याचा धरायचा दांडा हलायला लागला की दुरुस्ती तुमची, कोणी पाण्याचे कॅन आणून त्यावर ठेवले की भांडण तुमचं. सोसायटीने केला तर तो एंट्रन्सचा भाग झाला, जशी तिसरी पायरी झाली. त्या तिसऱ्या पायरीचा खर्च कोणी केला होता ते जुनं प्रोसिडिंग बुक (सभांच्या ठरावांची वही) काढून बघा जरा. एका सभेत ठराव झाला असणार आणि लूकबद्दल कोणी चकार शब्द काढला नसणार.

---

ओळंब्यात

आर्किटेक्ट आहे, कल्याण-डोंबिवली पट्ट्यातच कामं करतो. कायद्याचं बाकीचे सांगतील, मी मापाचं सांगतो कारण तिथेच जास्त घोळ होतो.

रॅम्पचा उतार जास्तीत जास्त एकास बारा. म्हणजे एक सेंटिमीटर वर जायला बारा सेंटिमीटर लांबी. तुमच्या पायऱ्या साधारण १५ सेंटिमीटरच्या धरल्या तर तीन पायऱ्या ४५, गुणिले बारा, म्हणजे ५.४ मीटर. शिवाय वर आणि खाली खुर्ची वळवायला सपाट जागा लागते, दीड दीड मीटर धरा. रुंदी १.२ मीटरच्या खाली नको. दोन्ही बाजूंना दांडे, आणि कडेला चाक घसरून खाली जाऊ नये म्हणून छोटा उंचवटा.

हे आकडे बघून लोक दचकतात आणि मग गवंड्याला बोलावतात, गवंडी एकास चारचा उतार काढून देतो कारण त्याच्या डोळ्यापुढे स्कूटर असते. स्कूटर चढते हो, इंजिन असतं तिला. माणूस हाताने खुर्ची ढकलत एकास चार चढायला गेला तर खुर्ची मागे उलटते. असे रॅम्प मी बँकांच्या बाहेर, दवाखान्यांच्या बाहेर ढिगाने बघितलेत, फोटोत रॅम्प दिसतो एवढाच त्यांचा उपयोग. त्यामुळे कमिटी उद्या एकदम "बरं बाबा घ्या तुमचा रॅम्प" म्हणाली आणि रविवारी दोन गोणी सिमेंट आणून ओतलं तर खूश होऊ नका. आधी ड्रॉइंग, मग ठराव, ड्रॉइंग ठरावाला जोडलेलं.

सरळ ५.४ मीटर मिळत नसेल तर मधे सपाट टप्पा देऊन एल आकारात वळवता येतो. अगदीच जागा नसेल तर उभा वर जाणारा छोटा प्लॅटफॉर्म लिफ्टचा पर्याय असतो पण त्याला वीज, मेंटेनन्स, पावसात गंज, नाना भानगडी, शिवाय कोणीतरी चावी स्वतःकडे ठेवतो आणि मग परत हाक मारणं आलंच. मी रॅम्पच म्हणेन.

गुळगुळीत ग्रॅनाइट अजिबात नको, पावसाळ्यात आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. खरबरीत फिनिशचा दगड घ्या, एंट्रन्सच्याच रंगात मिळतो, लूकचा प्रश्न तिथेच मिटतो. रॅम्प साइड मार्जिनमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या बाजूला सोडलेल्या मोकळ्या जागेत, येत असेल तर अग्निशमन दलाच्या गाडीची वाट अडता कामा नये, एवढं लोकल आर्किटेक्टकडून महापालिकेत विचारून घ्या.

पायऱ्यांची नेमकी उंची आणि पुढे किती मोकळी जागा आहे ते मोजून इथे टाका, मी कागदावर काढून देतो. पैसे नकोत.

---

चाकोरीबाहेर

पुण्यात असतो, चौदा वर्षं झाली खुर्चीवर. म्हणून जरा सविस्तर.

आधी कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, यात २१ आहेत. यातल्या कलम २ मधल्या व्याख्या नीट वाचा, सगळी मजा तिथे आहे. भेदभावाच्या व्याख्येत "वाजवी सोय नाकारणं" हाही भेदभाव आहे असं सरळ लिहिलंय. आणि खाजगी आस्थापनेच्या व्याख्येत कंपनी, फर्म यांच्याबरोबर सहकारी संस्था असा शब्द आहे. तुमची सोसायटी सहकारी संस्था म्हणूनच रजिस्टर झालेली आहे ना? मग "आम्ही काय सरकारी ऑफिस आहोत का" हे वाक्य त्यांनी जपून वापरावं.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू पण सांगतो, कारण अर्धवट माहिती घेऊन सभेत गेलात तर तोंडावर पडाल. कलम ४५ मध्ये जुन्या इमारती पाच वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायच्या असं आहे पण ते सार्वजनिक इमारतींबद्दल आहे, लोक सर्रास येजा करतात अशा, मग त्या खाजगी मालकीच्या असल्या तरी. राहत्या सोसायटीचा वकील म्हणणार की आम्ही त्यात बसत नाही. कलम ४४ नवीन इमारतींना लागू, नियम पाळले नाहीत तर प्लॅनला परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही, पण तुमची १९९८ ची. त्यामुळे मी कलम ४५ वर भर देणार नाही, कलम ३ वर देईन. समानता आणि भेदभाव नको. तुम्ही सोसायटीला सगळी बिल्डिंग नव्याने बांधा म्हणत नाही, एक वाजवी सोय मागताय, आणि ती नाकारायला त्यांना सबळ कारण दाखवावं लागेल. ग्रॅनाइट हे सबळ कारण नाही.

तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते, ऑफिस इथे पुण्यातच आहे. साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं यासाठी त्यांना दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. शेवटी जे निघतं त्याला कायदा शिफारस म्हणतो, आणि त्यावर काय केलं ते तीन महिन्यांत कळवायचं असतं. म्हणजे जादूची कांडी नाही. पण आयुक्तालयाचं पाकीट आल्यावर कमिटीची मीटिंग किती लवकर लागते ते बघाच. माझ्या सोसायटीत चार दिवसांत लागली होती, दोन वर्षं न लागलेली.

एक ताजी गोष्ट. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात राजीव रतुरी यांच्या केसचा निकाल लागला, तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाचा. रतुरी स्वतः दृष्टिबाधित, याचिका २००५ ची, म्हणजे एकोणीस वर्षं. कोर्टाने म्हटलं की सुगमतेचे नियम नुसते मार्गदर्शक म्हणून ठेवलेत, पाळले तर पाळले, हे कायद्याशी विसंगत आहे, सरकारने सक्तीचे किमान नियम करावेत. याने तुमचा रॅम्प उद्या होणार नाही, पण "ते सगळं ऐच्छिक असतं हो" म्हणणाऱ्या सभासदाला सांगायला बरं.

आता कायदा बाजूला. ठाकुर्लीकरीण ताई, राग मानू नकोस, पण तुझी पोस्ट मी दोनदा वाचली. वॉचमनचा पाय कसा सटकला, बाबांचे गुडघे, काका काय म्हणाले, सगळं आहे. भाऊ काय म्हणतो ते कुठेच नाही. त्याला कुठे जायचंय? पत्रावर सही कोणाची होती? तो सभासद नसेल, फ्लॅट बाबांच्या नावावर असेल, तरी पत्र त्याचं असू शकतं. मी सुरुवातीची तीन वर्षं "आमचा हा" होतो. आमच्या ह्याला जरा पाणी द्या, आमच्या ह्याला उन्हात बसवू का. अतिशय प्रेमाने. त्या प्रेमातून बाहेर पडायला मला अपघातातून बाहेर पडण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

आणि काकांच्या "हाक मार" बद्दल. ज्याने हाक मारलीये त्याला विचारा. दूध संपलं म्हणून खाली जायला चार माणसांची हाक, नको वाटलं म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत यायला परत चार. रात्री साडेदहाला आइस्क्रीम खावंसं वाटलं तर ती इच्छा आधी चार घरांतून पास व्हायला लागते. मग माणूस इच्छाच करेनासा होतो, आणि घरचे म्हणतात हल्ली तो शांत झालाय.

सदाशिव भाऊ, ग्राउंड फ्लोअरचा सल्ला मलाही सगळ्यांनी दिला होता. याच कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे, समाजात राहण्याचा हक्क, आणि कुठल्या ठराविक व्यवस्थेतच राहा अशी बळजबरी नको. लहानपणापासून ज्या बिल्डिंगमध्ये क्रिकेट खेळला तिथून तीन पायऱ्यांमुळे माणसाने उठून जायचं? पायऱ्या जाऊ देत की.

---

चाळीतला_सदाशिव

ठीक आहे, ऐकलं. माझं पण ऐका मग. आमची बिल्डिंग चार मजली, लिफ्टच नाही. आई चौथ्यावर. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन वर्षं ती खाली उतरलेली नाही, गॅलरीतून रस्ता बघते. रीडेव्हलपमेंट होणार, लिफ्ट येणार म्हणून थांबलोय, त्याला आता आठ वर्षं झाली, बिल्डर तिसरा. म्हणून लिहिलं होतं की वाट बघू नका. भांडू नका असं नव्हतं म्हणायचं, थकलोय एवढंच.

---

चाकोरीबाहेर

सॉरी दादा, मला माहीत नव्हतं. रीडेव्हलपमेंटचा करार अजून व्हायचा असेल तर एक करा, तिथे कलम ४४ पूर्ण लागू होतं. लिफ्टचं दार किमान ९० सेंटिमीटर मोकळं, गेटपासून लिफ्टपर्यंत एकही पायरी नको, हे करारातच लिहून घ्या. बिल्डर जिमचा फोटो दाखवतो तेव्हा सगळे टाळ्या वाजवतात, गेट ते लिफ्टचा नकाशा कोणी मागत नाही.

---

अनुची_आई

हा धागा बघून लिहावंसं वाटलं, विषय थोडा बाजूला जाईल. माझा मुलगा २६ वर्षांचा, स्वमग्न. त्याला रॅम्प नकोय, तो पाचव्या मजल्यावर धावत जातो. त्याला शेजारी हवे आहेत. ठाण्यात तीन वर्षांत तीन घरं बदलली आम्ही. तोंडावर कोणी नाही म्हणत नाही, एजंट फोन करून सांगतो की मालकांचे नातेवाईक येणार आहेत राहायला. एका बिल्डिंगमध्ये तक्रारीचं पत्र आलं की मुलगा लिफ्टमध्ये मोठ्याने बोलतो, बायकामुलींना भीती वाटते. तो लिफ्टमध्ये मजल्यांचे आकडे म्हणतो. एक, दोन, तीन, चार. एवढंच.

आताच्या जागेत मी शहाणपणा केला, राहायला आल्याच्या पहिल्या आठवड्यात त्याला घेऊन प्रत्येक दारात गेले, पेढे देऊन सांगितलं की हा असा आहे, असं असं करतो, घाबरू नका आणि त्याला ओरडू नका. समोरच्या आजी आता त्याच्याबरोबर आकडे म्हणतात. दुसऱ्या मजल्यावरचं एक कुटुंब मात्र अजूनही तो लिफ्टमध्ये असला की जिन्याने जातं. जाऊ देत, व्यायाम होतो त्यांचा.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "संस्थेत का नाही ठेवत". चांगल्या संस्था आहेत, मी कोणाला नावं ठेवत नाही, काही ठिकाणी मोजक्या लोकांचं घरासारखं घर असतं, तसं मिळालं तर मी पण विचार करेन. पण विचारणाऱ्याला संस्था म्हणजे आपल्या नजरेआड एवढंच हवं असतं बहुतेक वेळा.

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांच्यासाठी, १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा माहीत करून घ्या. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व (कायद्यातला शब्द आहे, मला आवडत नाही) आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. निरामय म्हणून आरोग्य विमा आहे, एक लाखापर्यंत. मूल अठरा पूर्ण झालं की कायद्याने तुम्ही आपोआप पालक राहत नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते तिच्याकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. मला हे बँकेत गेल्यावर कळलं, तेव्हा तो एकवीसचा होता. मोठ्यांसाठी आयुष्यभराच्या निवासाची घरौंदा नावाची योजना पण आहे त्यांची, पण जागा गरजेच्या मानाने फार कमी.

ठाकुर्लीकरीण, तुझ्या भावाचं मला एका गोष्टीत बरं वाटतं. तो सभेत स्वतः बोलू शकतो. त्याला बोलू दे.

---

लेस्टरचा_बाळ्या

इकडचं थोडं, तुलनेसाठी, लगेच "तिकडे सगळं छान" म्हणून मारायला येऊ नका. इंग्लंडमध्ये घरात असे बदल करायला कौन्सिलकडून अनुदान मिळतं, डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट, ३० हजार पौंडांपर्यंत. आधी ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी येऊन बघते, माणूस उठतो कसा, दारातून जातो कसा, मग रॅम्प, जिना-लिफ्ट, बाथरूम जे लागेल ते. मोठ्या माणसांसाठी उत्पन्न बघतात, लहान मूल असेल तर नाही बघत. माझ्या सासूबाईंसाठी शॉवर बदलून घेतला आम्ही, अर्ज ते नळ अकरा महिने लागले! त्या काळात त्या किचनच्या सिंकपाशी अंग पुसून घेत होत्या. पण एक फरक जाणवला, त्या अकरा महिन्यांत एकाही माणसाने "गरज काय" विचारलं नाही, "कधी" एवढाच वाद होता.

आपल्याकडे महापालिकांना उत्पन्नाच्या ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात ना? तो निधी सोसायट्यांच्या रॅम्पसाठी का वापरत नाहीत कोणी?

---

मी_सेक्रेटरी_बोलतोय

बाळ्या, विचारायला हरकत नाही. नगरसेवकाला सोसायटीच्या गेटवर स्वतःच्या नावाची पाटी लावायला फार आवडतं. पाटीची जागा आधी दाखवायची, रॅम्पचं नंतर बोलायचं.

---

ठाकुर्लीकरीण

सगळ्यांचे खूप आभार. चाकोरीबाहेर दादा, तुमचं वाचून आधी राग आला, मग रडू आलं, मग लॅपटॉप त्याच्या हातात दिला आणि म्हटलं तूच वाच सगळं. पत्रावर सही माझी होती. खालचं तो लिहितोय.

नमस्कार. मी भाऊ. टायपिंग माझं ताईपेक्षा फास्ट आहे तरी तिने कधी विचारलं नाही ही गोष्ट खरी.

कुठे जायचंय विचारलंत. डॉक्टरकडे तर नक्कीच नाही, तिथे जाऊन जाऊन कंटाळलो. स्टेशनबाहेर संध्याकाळी सातला एक वडापावची गाडी लागते, तिथे अपघाताआधी आम्ही चौघं रोज उभे असायचो, ते तिघं अजून असतात. ते वर येतात भेटायला, दर रविवारी, शूज बाहेर काढून सोफ्यावर पाहुण्यासारखे बसतात आणि आई पोहे करते. मला ते नकोय. मला तिथे जाऊन उधारीवर वडापाव खायचाय. आणि कोणाला न सांगता खाली उतरायचंय, ताईला सुद्धा.

मापं घेतली. मी लॉबीत बसून वरचं टोक धरलं आणि वॉचमनने टेप खाली सोडली. उंची ४६ सेंटिमीटर निघाली, तिसरी पायरी बाकी दोघींपेक्षा थोडी उंच आहे. म्हणजे एकास बाराने ५ मीटर ५२. पायऱ्यांपासून समोरच्या पिलरपर्यंत सरळ मोकळी जागा ४ मीटर १०. म्हणजे ओळंब्यात सर म्हणतात तसा एल करावा लागणार. एल डावीकडे वळवला तर मीटरचा बॉक्स येतो. उजवीकडे वळवला तर पार्किंग स्लॉट नंबर दोन. स्लॉट नंबर दोन कोणाचा असेल ओळखा.

चेअरमन काकांचा.

मला वाटतं लूकबिक काही नाही, सगळं इथे अडलंय आणि त्यांना ते बोलता येत नाहीये, रक्ताच्या बाटल्या आणलेल्या माणसाला कसं बोलता येईल. तर मी विचार केला. आमचा स्लॉट नंबर सात, पलीकडच्या भिंतीला, माझी बाइक उभी असायची तो. दीड वर्ष रिकामा आहे, सगळे तिथे जुनी कपाटं ठेवतात. काकांची गाडी तिथे बसत असेल तर अदलाबदल होऊ शकते. पुढे मी हाताने चालवायची गाडी घेतली तर मला रुंद जागा लागेल हे माहीत आहे, ते पण त्याच ठरावात घालायचं का वेगळं ठेवायचं, सेक्रेटरी काका सांगा.

प्रोसिडिंग बुकही मागितलं. २००५ चा ठराव सापडला, साडेचार ओळी, एकमताने मंजूर, सूचक माझे बाबा.

बिल्डिंगमध्ये सत्तरीच्या वरचे सातजण आहेत, त्यातल्या तिघांना मी फोन केला, तिघांनी सही देतो म्हणून सांगितलं. बाबांची धरून चार होतात. पण सह्या आत्ताच वापरायच्या नाहीत असं ठरवलंय. रविवारी सकाळी दहा वाजता पत्र घेऊन मी काकांकडे जाणार आहे, एकटा. त्यांचं घर पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट तिथे थांबते. पोच मात्र घेणार, शिक्का आणि तारखेसकट.

---

मी_सेक्रेटरी_बोलतोय

रुंद पार्किंगचं वेगळं ठेव. एका सभेला एकच विषय. आणि दहाला नको जाऊस, साडेअकराला जा, नाश्ता आणि पेपर झालेला असतो.

---

ओळंब्यात

४६ उंची, ४.१० सरळ, वळण उजवीकडे, कळलं. वळणावर दीड बाय दीडचा टप्पा पकडला तर स्लॉट दोन पूर्ण नाही जाणार, साधारण अर्धा जाईल, पण अर्ध्यात गाडी राहत नाही म्हणजे गेलाच. स्लॉट सातची लांबी-रुंदी आणि काकांची गाडी कुठली आहे ते टाक. शनिवारपर्यंत ड्रॉइंग देतो.

---

ठाकुर्लीकरीण

(भाऊ) व्हॅगन आर. लांबी मोजायला कपाटं हलवावी लागतील, संध्याकाळी ते तिघं येतायत.